साहित्य आणि कृती

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'खाद्यपदार्थ आणि साहित्य' असा छापला आहे. खरं म्हणजे त्यातला 'आणि' हा शब्द जास्तीचा आहे. का, ते सांगतो.

घरातले पाककृतींचे कोणतेही मराठी पुस्तक काढा आणि मधलेच पान उघडा. पदार्थाचे नाव, त्याखाली 'साहित्य', त्याखाली 'कृती'. दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, चार वेलदोडे हे झाले साहित्य. आता दुसऱ्या कपाटातले ज्ञानेश्वरीपासून मर्ढेकरांपर्यंतचे काहीही काढा. तेही साहित्यच. आम्ही उभा जन्म सौंदर्यशास्त्र शिकवण्यात घालवला, दोन्ही प्रकारची पुस्तके घरात होती, आणि दोन्हींवर एकच शब्द छापलेला आहे हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. डोळ्यांसमोरचे दिसायला वेळ लागतो, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला जरा अधिकच लागतो.

'सहित' म्हणजे बरोबर असलेले, त्याचा भाव तो 'साहित्य'. एकत्र असणे, एवढाच मूळ अर्थ. सातव्या शतकाच्या आसपास भामहाने काव्याची व्याख्या करताना शब्द आणि अर्थ यांचे सहित असणे म्हणजे काव्य, असे सांगितले. तिथून हा शब्द काव्यशास्त्रात शिरला. मराठीत मात्र तो निराळ्या दारानेही आला. जुन्या पत्रव्यवहारात साहित्य म्हणजे सरंजाम, सामग्री, मदत. लढाईचे साहित्य, पूजेचे साहित्य, लग्नाचे साहित्य. जे जे एकत्र आणून ठेवल्याशिवाय काम सुरू होत नाही ते. स्वयंपाकघरातला अर्थ तिथलाच.

उलट, ग्रंथांसाठी हा शब्द मराठीत सर्रास रुळला तो बराच अलीकडे. 1878 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली जे पहिले संमेलन भरले ते 'ग्रंथकारांचे' संमेलन होते. 'वाङ्मय' होते, 'सारस्वत' होते. 1906 साली पुण्यात 'महाराष्ट्र साहित्य परिषद' स्थापन झाली तेव्हा हा शब्द संस्थेच्या पाटीवर चढला. आज आपल्याला वाटते की साहित्य म्हणजे मुळात कथा-कविता, आणि स्वयंपाकाच्या पुस्तकाने तो शब्द उसना घेतला. मराठीपुरते पाहिले तर स्वयंपाकाची बाजू निदान तितकीच जुनी आहे.

आता या साहित्याचे लग्न कुठे लागले ते सांगतो. हसू नका, लग्नच. इ.स. 900च्या सुमारास राजशेखर नावाचा मोठा पंडित कवी होऊन गेला. याचे घराणे महाराष्ट्रातले. त्याच्या 'काव्यमीमांसे'त एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो, आणि त्याला वळवायला साहित्यविद्या नावाची वधू त्याच्या मागे जाते. पूर्व, पांचाल, अवंती, दक्षिण असा देशभर प्रवास होतो. जिथे जातील तिथला वेष, तिथले नृत्य, तिथली बोलण्याची रीत. तो हळूहळू वळत जातो, आणि शेवटी दोघांचे लग्न लागते ते विदर्भात, वत्सगुल्म नगरीत. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेव्हा वाशीमकर मंडळींनी साहित्य संमेलनाचे निमंत्रण देताना जरा जास्त तोऱ्यात द्यायला हरकत नाही.

याच राजशेखराने कवितेच्या 'पाकां'ची यादी दिली आहे. पाक म्हणजे शिजणे, आणि पाक म्हणजे पिकणेही. धातू एकच, पच्. मराठीत 'पिकणे', 'पक्का', 'पक्वान्न', साखरेचा 'पाक', अन्नाचे 'पचन', सगळी एकाच घरची भावंडे. कवी सतत लिहीत राहिला की त्याचे वाक्य पिकते. पण कसे पिकते? त्यासाठी राजशेखर नऊ फळांची नावे घेतो. कडुनिंब, बोर, द्राक्ष. वांगे, चिंच, आंबा. सुपारी, काकडी, नारळ. कसोटी अशी की आरंभी चव कशी आणि शेवटी कशी. निंबपाक म्हणजे सुरुवातही बेचव, शेवटही बेचव. द्राक्षपाक म्हणजे सुरुवात नीरस, पण अखेर गोड. आम्रपाकाची सुरुवात मध्यम, शेवट उत्तम. सुपारीचा पाक आरंभी फार छान आणि शेवटी काहीच नाही. अशा कादंबऱ्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. नारळ पहिल्यापासून शेवटपर्यंत उत्तम.

प्रत्येक तिकडीतला पहिला टाकून द्यावा, दुसऱ्यावर संस्कार करावेत, तिसरा घ्यावा, असा त्याचा निर्णय आहे. म्हणजे निंब, वांगे आणि सुपारी बाद. वांग्याबद्दल आमची तक्रार आहे. वांगे आरंभी मध्यम आणि शेवटी वाईट, असे म्हणणाऱ्या माणसाने खानदेशातले भरीत खाल्लेले नसावे. असो. नऊ सांगून झाल्यावर त्याने दहावे फळ वेगळे काढले आहे, ते कवठ. ज्याचा पाक कधी जमतो, कधी जमत नाही, काही नेमच नाही, तो कपित्थपाक. पेंढा झोडपत बसावे आणि एखादा दाणा हाती लागावा, तशी त्यातली सुभाषिते. समीक्षेतले इतके अचूक शब्द आम्हाला कुठल्या विद्यापीठीय प्रबंधात भेटलेले नाहीत, आमच्या स्वतःच्या प्रबंधातही नाहीत.

पण या प्रकरणात यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट यादीच्या आधी येते. पाक म्हणजे नेमके काय, यावर तिथे वाद चालला आहे. वामनाच्या पंथाचे म्हणणे असे की जिथला एकही शब्द बदलता येत नाही तिथे शब्दपाक झाला. ऐकायला फार छान वाटते. आजही कवितेच्या वर्गात आपण हेच सांगतो, की बघा, इथला एक शब्द हलवून दाखवा. यावर राजशेखर एक विरोधी मत नोंदवतो, नाव घेऊन. ते मत अवंतीसुंदरीचे आहे. ती म्हणते, ही तर अशक्ती झाली, हा पाक नव्हे. थोर कवीच्या एकाच गोष्टीला अनेक पाठ असू शकतात आणि ते सगळेच्या सगळे पिकलेले असू शकतात. रसाला उचित अशी शब्द-अर्थांची रचना, तो पाक.

अवंतीसुंदरी ही राजशेखराची पत्नी, चाहमान म्हणजे चौहान कुळातली. त्याची 'कर्पूरमंजरी' ही प्राकृत नाटिका तिच्या इच्छेवरून रंगमंचावर आली. तिचा स्वतःचा ग्रंथ आज आपल्या हाती नाही. नवऱ्याच्या पुस्तकात तिची मते तेवढी उरली आहेत. आता हा मुद्दा जरा चुलीजवळ नेऊन बघा. एका पदार्थाची एकच बरोबर कृती असते, चिमूटभर मीठ इकडचे तिकडे झाले की संपले, असे कोण म्हणतो? जो पुस्तकात बघून रांधतो तो. जिचा हात बसलेला आहे ती आज कोकम नाही म्हणून चिंच घालते, आमटी निराळी होते, आणि तरी आमटी उत्तम होते. अवंतीसुंदरी स्वतः रांधत होती की नव्हती कोण जाणे, सरदार घराण्यातली बाई, कदाचित नसेलही. पण 'पाक' या शब्दाचा अर्थ त्या सभेत तिला जास्त नीट कळला होता, असे आमचे मत आहे.

आता आणखी मागे, भरताकडे जाऊ. नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय. रस म्हणजे काय, हा आपल्याकडच्या सौंदर्यविचारातला सर्वांत मोठा प्रश्न, आणि भरत त्याचे उत्तर सरळ ताटावर बसून देतो. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जशी चव तयार होते, तसा नाना भावांच्या एकत्र येण्याने नाट्यातला रस तयार होतो. चांगले संस्कारलेले अन्न खाताना सुमनस्, म्हणजे प्रसन्न मनाचे लोक जसे रस चाखतात आणि आनंद पावतात, तसे सुमनस् प्रेक्षक भाव चाखतात.

यातला 'व्यंजन' हा शब्द जरा धरून ठेवा. शाळेत आपण शिकलो, अ आ इ ई हे स्वर, क ख ग घ ही व्यंजने. ताटात व्यंजन म्हणजे तोंडी लावणे. भातावर जे येते ते. दोन्ही ठिकाणी एकच शब्द कसा? अंज् हा धातू, त्याचा अर्थ लेपणे, माखणे, आणि त्यावरून उजळ करणे, उघड करणे. डोळ्यात घालतो ते 'अंजन' त्यातलेच. दिवाळीच्या पहाटेचे 'अभ्यंग' त्यातलेच. 'वि' लावला की 'व्यंजन', उघड करणारे. तोंडी लावणे भाताची गोडी उघड करते, पण नुसत्या लोणच्यावर जेवण होत नाही. क हा वर्ण स्वराशिवाय धड उच्चारता येत नाही, पण बरोबर स्वर आला की शब्दाला आकार देतो. पुढे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला. शब्द जे सांगत नाही पण सुचवतो ते दाखवणाऱ्या शक्तीचे नाव 'व्यंजना'. त्याच कुळातले 'व्यक्त', 'अभिव्यक्ती', आणि हो, 'व्यक्ती'सुद्धा. म्हणजे लोणच्याची फोड, क हे अक्षर, कवितेतला न बोललेला अर्थ आणि समोर बसलेले तुम्ही, एका धातूचे. शब्दांची अशी नातलगमंडळी जमवताना आम्हाला अजूनही लग्नघरातल्यासारखे वाटते.

भरतानंतर काश्मिरी पंडितांची दोनशे-अडीचशे वर्षे या एका प्रश्नावर खर्ची पडली, की हा रस राहतो कुठे? रामाच्या पात्रात, नटात, की बघणाऱ्यात? लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त, प्रत्येकाचे उत्तर वेगळे. तो इतिहास आम्ही इथे उगाळत नाही. नाहीतर त्याचेच चर्वितचर्वण होईल. बघा, हाही शब्द जेवणातलाच, चावलेलेच पुन्हा चावणे. आणि गंमत अशी की नुसती 'चर्वणा' ही या पंडितांची फार आवडती संज्ञा आहे. रसाची चर्वणा होते, म्हणजे तो घाईने गिळायचा नसतो. चर्वणा एकदा केली तर रस, दुसऱ्याचीच पुन्हा केली तर शिळे.

अभिनवगुप्ताच्या परंपरेतल्या मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त दिलेला दाखला आहे पानकरसाचा. पानक म्हणजे साखर, मिरी वगैरे घालून केलेले पेय. पिताना साखर वेगळी, मिरी वेगळी अशी लागत नाही. त्या कशातच नसलेली एक तिसरीच चव लागते. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव एकत्र येऊन जो रस होतो तो असा. चौदाव्या शतकातला विश्वनाथही 'साहित्यदर्पणा'त हाच दाखला घेतो. आणि हे पानक म्हणजे कोण? आपले पन्हे. संस्कृतातला शेवटचा क मराठीत येता येता गळतो. दीपकाचा दिवा झाला, घोटकाचा घोडा झाला, तसे पानकाचे पन्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा 1130च्या सुमाराचा ग्रंथ आहे. त्यात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. तिथे मंडक आहे, तो आपला मांडा. वटक आहे, तो वडा. पर्पट म्हणजे पापड, पोलिका म्हणजे पोळी. ती पाने वाचताना चैत्रातल्या हळदीकुंकवाला आल्यासारखे वाटते, पन्ह्याची तेवढी वाट बघायची.

वर्गात हा पन्ह्याचा दाखला आम्ही वर्षानुवर्षे दिला. मुलांना तो हमखास कळतो. एके वर्षी, 1990च्या आसपासची गोष्ट, मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. मराठवाड्यातून आलेला, एरवी न बोलणारा. त्याने विचारले, सर, हा सुमनस् माणूस जेवायला बसतो तेव्हा त्याला भूक लागलेली असते का?

आम्ही त्याला काय उत्तर दिले? अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातले एक म्हणजे माणूस स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे. आम्ही सांगितले, की भूक हे तसले विघ्न आहे. ते दूर झाल्याशिवाय आस्वाद नाही. उत्तर शास्त्राला धरून होते. वर्गाला ते आवडले, कोणी हसलेही. तो 'बरं सर' म्हणाला आणि खाली बसला. वर्षभर त्याने पुन्हा काही विचारले नाही.

ते तिथेच ठेवू, परत येऊच. आता शिखरिणी.

शिखरिणी म्हटल्यावर इथल्या निम्म्या लोकांना वृत्त आठवले असेल. सतरा अक्षरे, सहाव्या अक्षरावर थांबा. 'सौंदर्यलहरी' याच वृत्तात आहे. शहाजहानच्या काळातल्या जगन्नाथ पंडिताची 'गंगालहरी'ही याच वृत्तात. आपल्याकडे दशहराला अजून म्हणतात. पण शिखरिणी हे एका पदार्थाचेही नाव आहे, आणि मानसोल्लासातल्या राजाच्या ताटात ते आहे. दही, साखर, सुगंधी द्रव्ये, वस्त्रातून गाळून केलेला पदार्थ. यालाच 'रसाला' असेही म्हणत. 'भावप्रकाश' या सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर ही रसाला भीमाने केली आणि श्रीकृष्णाने चाखली असे म्हटले आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन स्वयंपाक केलेल्या भीमाच्या खात्यावर एखादा पदार्थ जमा व्हायलाच हवा होता.

या शिखरिणीचे मराठीत काय झाले? शेवटचे स्वर झिजले, शिखरण झाले. मग भूख-भूक, भीख-भीक होते तसे ख चे क झाले, आणि शिकरण झाले. केळ्याचे शिकरण. पु. ल. देशपांड्यांनी पुणेकराच्या चैनीच्या कल्पनेत ज्याला जागा दिली ते. शंकराचार्यांच्या नावावरच्या स्तोत्राचे वृत्त आणि पाहुणा अचानक आला की पाच मिनिटांत होणारा पदार्थ, दोघांचे नाव एक.

इथे थोडे सावध राहू. श्रीखंडही शिखरिणीवरूनच आले असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. आम्हाला ते तितकेसे पटत नाही. शिखरिणीपासून शिकरण येते ते नियमाने. श्रीखंड तसे येत नाही. शिवाय संस्कृतात 'श्रीखंड' हा जुना, चांगला चालता शब्द आहे आणि त्याचा अर्थ चंदन. तेव्हा एका शब्दावर दुसऱ्या शब्दाची छाया पडली असेल फार तर. पण पदार्थ बघाल तर दही गाळून, साखर घालून, सुगंध लावून होते ते श्रीखंडच. म्हणजे वारसा असा विभागला गेला, की वस्तू श्रीखंडाकडे गेली आणि नाव दुधाकेळ्याकडे. वृत्ताला आणि पदार्थाला एकच नाव का पडले, याचीही एखादी गोष्ट रचता येईल. शिखरिणी म्हणजे शिखर असलेली. ताटात वाढलेल्या चक्क्याला शिखर असते, वगैरे. रचायला सोपी आहे म्हणूनच आम्ही ती रचत नाही. व्युत्पत्तीच्या छंदात हा मोह फार. शब्द सुंदर आहे, गोष्ट सुंदर आहे, मग ती खरीच असणार, असे वाटायला लागते.

'रुचिरा'चे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक 1970 साली निघाले आणि मराठी घराघरांत गेले. तर रुचिरा हेही संस्कृतातले एक वृत्त आहे, तेरा अक्षरांचे. रुच् म्हणजे प्रकाशणे, आवडणे, त्याचीच 'रुची'. पुस्तकाचे नाव ठेवताना वृत्त कोणाच्या मनात होते असा आमचा दावा नाही. रुच् धातूनेच ती सोय करून ठेवली आहे.

पुरणपोळीतले पुरण म्हणजे 'पूरण', भरणे. पोळीच्या पोटात भरले की पुरण, आणि कवितेच्या चरणात भरले की 'पादपूरण'. वृत्तात एखादे अक्षर कमी पडले की कवी च, तु, हि, वै असले काहीतरी टाकून जागा भरतो, ते पादपूरण. फरक इतकाच की पुरणपोळीत पुरण हाच जीव असतो, आणि कवितेतले पुरण म्हणजे कवीची चोरी. हे भरण्याचे प्रकरण युरोपातही आहे. 'फार्स' हा नाटकाचा प्रकार आपल्याला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे पौराणिक नाटकाच्या शेवटी फार्स करत. हा शब्द लॅटिनमधल्या भरणे या अर्थाच्या क्रियापदावरून फ्रेंचमध्ये आला, आणि तिथल्या स्वयंपाकात फार्स म्हणजे सारण. धार्मिक नाटकांच्या मधे मधे विनोदी तुकडे भरत, ते सारण. तसेच 'सटायर'. रोमन लोकांत नाना तऱ्हेच्या फळांनी भरलेल्या तबकाला जे विशेषण लावत, त्यावरून मिश्र विषयांच्या काव्याला सातुरा म्हणू लागले, आणि पुढे त्याचे बोचरे टोक तेवढे शिल्लक राहिले. सोळाव्या शतकात इटलीत तेओफिलो फोलेंगोने लॅटिनमध्ये बोलीभाषा कालवून काव्य लिहिले आणि त्याला मॅकरोनीचे नाव दिले. पीठ, चीज, लोणी यांचा ओबडधोबड गोळा, तशी ही भाषा. आपण अशा भाषेला खिचडी म्हणतो. कोणी कोणाकडून घेतलेले नाही.

आता त्या मागच्या बाकाकडे.

आतापर्यंत आम्ही जे शब्द घेतले त्यांची ताटे कोणाची होती ते बघा. मानसोल्लास राजाचा. पानक, शिखरिणी, द्राक्ष, नारळ, आंबा. आपल्या काव्यशास्त्राने स्वयंपाकघरातून शब्द उचलले हे खरे, पण कोणत्या स्वयंपाकघरातून? साखर, दही, तूप ज्या घरात आहे त्या. भरताचा सुमनस् माणूस ताटावर बसतो तेव्हा ताट वाढलेले असते. कोणी वाढले, कोणी दळले, धान्य कोणी पिकवले, हे त्या दृष्टान्तात येत नाही. आम्ही ते तीस वर्षे शिकवले आणि आम्हालाही ते दिसले नाही, एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हासुद्धा.

1978 साली दया पवारांचे 'बलुतं' आले. बलुतं म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा. एका अन्नवाचक शब्दाचे पुस्तकाचे नाव झाले आणि मराठी साहित्याला 'साहित्य' म्हणजे काय हे पुन्हा ठरवावे लागले. ते पुस्तक तेव्हा आमच्या कपाटात होते. वाचलेलेही होते. पण ते आत्मकथनाच्या खणात, आणि रससिद्धान्त दुसऱ्या खणात. दोन्ही अन्नाबद्दल बोलताहेत हे जुळले नाही.

जुळले ते बरेच नंतर, शाहू पाटोळ्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हाती आले तेव्हा. 2015चे पुस्तक. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचा स्वयंपाक, त्याच्या रीती, त्याचे पदार्थ. नावातला तो 'अ' बघा. जेवणाआधी आपण जो श्लोक म्हणतो त्यातल्या पूर्णब्रह्माला एक अक्षर लावले, बस. शंकराचार्यांचा सगळा अद्वैतविचार शिकवलेल्या माणसाला त्या एका अक्षरापाशी थांबावे लागते, कारण ब्रह्म अपूर्ण असू शकत नाही. अपूर्ण असेल तर ते ब्रह्म नव्हे, किंवा मग तुमची पंगत पूर्ण नव्हती.

त्या पुस्तकात 'चान्या' आहेत. मांसाचे लांबट तुकडे करून उन्हात वाळवून ठेवलेले, पुढच्या दिवसांसाठी. हा शब्द वाचला तेव्हा आमचे वय साठीच्या पुढे गेले होते. पानक, प्रपाणक, षाडव आम्हाला पंचविशीत पाठ होते, आणि आपल्याच राज्यातल्या, आपल्याच भाषेतल्या, आपल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या घरात चालणारा हा शब्द माहीत नव्हता. मग त्या पुस्तकातले शब्द एका वहीत उतरवायला घेतले. कोणाचा धातू सापडतो, कोणाचा नाही. जिथे सापडत नाही तिथे ओढून-ताणून संस्कृत लावायचे नाही, एवढा नियम ठेवला आहे. श्रीखंडाच्या बाबतीत जो, तोच.

आज तो विद्यार्थी समोर असता तर विघ्नांचे उत्तर आम्ही दिले नसते. त्याला विचारले असते, तुझ्या घरी काय शिजते, त्याला काय म्हणतात, पहिल्या घासाला कसे लागते आणि शेवटच्या घासाला कसे. राजशेखराची कसोटी तीच आहे. फळ्यावर नऊ पाक लिहिलेलेच होते, शेजारी त्याचे शब्द लिहिता आले असते. अवंतीसुंदरीने तर आधीच सांगून ठेवले होते की पिकलेले पाठ एकाहून जास्त असू शकतात. ते वाक्य त्याच तासाला शिकवून झाले होते.

वेळ संपत आली. बाहेर पन्ह्याची सोय केली आहे असे आयोजक सांगताहेत; ज्यांनी केले त्यांची नावे आम्ही विचारली, तर सुमनताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, सकाळी सहापासून कैऱ्या उकडत होत्या. मिरी घातली आहे का, एवढे बघून या. आता प्रश्न घेऊ. माईक आधी मागच्या रांगेत द्या.